पदराखालचा दर

कामगार वसाहतीचा नकाशा काढणाऱ्या साहेबा, तू एकशेवीस बायकांचे गुडघे मोडलेस. हातात काठी न घेता मोडलेस. टेबलाशी बसून, पट्टी-पेन्सिल घेऊन मोडलेस. संडासाचं दार कुठल्या अंगाला उघडायचं हे तू ठरवलंस, पंधरा ऑगस्टचा झेंडा कुठल्या खांबावर लावायचा हेही ठरवलंस. पण एकशेवीस घरांतल्या भाकरी कुठं थापल्या जाणार, इथं येईपर्यंत तुझ्या पेन्सिलीचं टोक संपलं. आठ बाय सहाच्या खोलीत, कोपऱ्यात, जमिनीवर तू एक फुली मारलीस आणि बाजूला लिहिलंस, 'चूल'. झालं तुझं काम. घरी जाऊन जेवलास.

त्या फुलीवर कस्तुराबाई नऊ वर्षं बसली.

कस्तुराबाई धनगराची लेक, मंद्रूपच्या पलीकडची. नवरा भिमा गिरणीच्या माग खात्यात. तो सरळ माणूस, पगार आणून हातात देणारा आणि कुठल्याही भांडणात मिशी चोळत बाजूला उभा राहणारा. चुलीच्या जागी वातीचे दोन स्टोव्ह आले, तरी फुली तीच राहिली. गिरणीतल्या अकरा एकट्या गड्यांचे डबे ती करायची. घरची धरून रोज पन्नास भाकरी. सकाळच्या भोंग्याआधी पन्नास भाकरी म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्यानं खाली बसून पाच थापून बघाव्यात, मग पुढं वाचावं.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. तिचे गुडघे आधी कुरकुरले, मग सुजले, मग एके दिवशी उठताना तिनं दाराची चौकट धरली ती निखळूनच हातात आली. दवाखान्यात डॉक्टरनं गुडघा दाबला आणि म्हणाला, "बाई, खाली बसून काम करणं आजपासून बंद."

"मग काय उडत करू?" कस्तुराबाई म्हणाली.

डॉक्टर हसला. तिला हसू आलं नाही. ती फुलीवरून उठली की तिथं कोण बसणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. महादेवी बसणार. महादेवी नववीत होती, गणितात पहिली, आणि आईला चौकट धरताना बघून दोनदा म्हणाली होती, "आये, मी बसते गं. शाळा काय, सुटली तर सुटली." लेक हे इतक्या सहज म्हणाली, ह्याचंच कस्तुराबाईला भ्या वाटलं.

उभा ओटा तिनं महादेवीच्या शाळेतल्या बाईंच्या घरी पाहिला होता. काळा कुळकुळीत कडप्पा, खाली सामानाला कप्पा, आणि बाई उभ्यानं पोळ्या लाटताहेत, बोलताहेत, खिडकीतून रस्त्यावरचं बघताहेत. कस्तुराबाईनं त्या ओट्यावरून हात फिरवला तो माहेरच्या मेंढीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

आणि मेंढ्याच कामाला आल्या. लग्नात तिच्या बापानं, मायाप्पानं, एक मेंढी लेकीच्या नावानं आपल्याच कळपात राखली होती. वीस वर्षांत तिची पिलावळ वाढत-घटत राहिली. त्यातल्या तीन विकून बापानं दोनशे वीस रुपये धाडले. त्यावर कुणाचा हक्क नव्हता, नवऱ्याचासुद्धा नाही; किती आले हेही तिनं त्याला सांगितलं नव्हतं.

ज्ञानबा मिस्तरी मापाला आला. कानावर पेन्सिल, तोंडात तंबाखू. त्यानं भिंतीवर दोन रेघा मारल्या आणि आकडा सांगितला. "दोनशेऐंशी, वैनी. चाळीस फूट कडप्पा लागंल, साडेचार रुपयं फूट. त्येचे एकशेऐंशी. वाळू, शिमिट, माजी मजुरी, समदं धरून वर शंभर."

"शिमिट-मजुरीचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दगडाला साडेचार कोन म्हनतं?"

"बाजार म्हनतो."

"मग चला, बाजारालाच ईचारू."

मिस्तरीचं तोंड जरा आंबट झालं. गिऱ्हाइकानं वखारीत येऊ नये असा मिस्तरी लोकांचा नियम. दगड मिस्तरीनं आणायचा, गिऱ्हाइकानं पैसे मोजायचे, आणि फुटामागं एक रुपया वखारवाल्यानं मिस्तरीच्या खिशात गुपचूप टाकायचा. हा रुपया कुणाच्या नाकातून निघतो हे सांगायला नको. सगळ्या शहराला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आपल्याकडं चोरी जुनी झाली की तिला रीत म्हणतात.

वखार अक्कलकोट रस्त्याला. मालक श्रीमंत, पांढरा शर्ट, मनगटाला घड्याळ. फाटकाशी एका शहाबादी फरशीवर त्याची आई चंद्रव्वा पानाचं तबक घेऊन बसलेली. कस्तुराबाईबरोबर भिमा होता, शेजारची केराबाई होती, मिस्तरी तर होताच. मिस्तरीनं श्रीमंताला डोळा घातला, आणि तो डोळा कस्तुराबाईनं पाहिला.

"साडेचार," श्रीमंत म्हणाला. "एक पैसा कमी नाही. मिस्तरी आपले आहेत म्हणून साडेचार, नाहीतर पाच."

"मिस्तरी तुमचेच हाईत, ते दिसलं," कस्तुराबाई म्हणाली.

केराबाई फस्सकन हसली. भिमा मिशी चोळायला लागला.

कस्तुराबाई दगडांच्या रांगेत शिरली. मेंढी घेताना जसा माकडहाडाजवळ अंगठा दाबून मांस बघतात, तसा तिनं एकेका फरशीच्या कडेवर अंगठा फिरवला. मग बोटाच्या पेरानं ठोकून ऐकलं. टण्ण वाजला तो बाजूला. भद्द वाजला तो सोडून दिला. "ह्यो आतनं चिरलाय," तिनं एकाकडं बोट दाखवलं. "वरनं तेल लावलंय म्हनून चीर दिसंना."

श्रीमंत म्हणाला, "अहो बाई, हा दगड आहे, बकरं नाही."

"बकरं बरं. त्ये आजारी असलं तर तोंडानं सांगतं तरी."

फाटकाशी चंद्रव्वा खदखदा हसली. तिच्या तोंडात दात चारच, पण हसायला तेवढे पुरत होते. "एनु बेकव्वा?" तिनं हाक मारली, काय पाहिजे गं तुला म्हणून. मग मराठीत वळली. "कुटली गं तू? ठोकून बघनारी बाई मी पयल्यांदा बघितली."

"मंद्रूपच्या पल्याडची, अव्वा. मायाप्पा धनगराची लेक."

"आन् मी हेड्याची बायको. माजा दादला बैल ईकायचा, वैरागपासनं विजापूरपतुर. ह्ये दगडाचं दुकान पोराचं." तिनं कस्तुराबाईला नीट न्याहाळलं. मग फरशीवर सरकून जागा केली, आपल्या इरकल लुगड्याचा पदर गुडघ्यावर पसरला आणि त्याखालून हात पुढं केला. "बा. कूडु. बस हितं. दे हात."

कस्तुराबाईनं आधी त्या पदराकडं पाहिलं, मग आपल्या हाताकडं.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा घोंगड्याखाली किंवा टॉवेलाखाली हात घालतात. बोटं धरून, दाबून, सोडून आकडा ठरतो. वर दोघांची तोंडं दगडासारखी, आणि भोवतीच्या शंभर माणसांना पत्ता नाही. मायाप्पा बाजारातून परत येताना लेकीचा हात हातात घेऊन तिला हे शिकवायचा. अख्खं बोट म्हणजे रुपया, दुसऱ्या पेरापर्यंत धरलं तर आठ आणे, नुसतं टोक चिमटलं तर चार. लहानपणी खेळ म्हणून ती शिकली. पण बायकांचा हात घोंगड्याखाली जात नाही. परक्या पुरुषाच्या हातात हात कसा देणार? म्हणून ज्या मेंढरांना तिनं पाणी पाजलं, पान्हा फुटत नसलेल्या आयांची पिलं कुशीत घेऊन जगवली, त्यांचा भाव तिला आयुष्यात एकदाही करता आला नव्हता.

ती फरशीवर टेकली. फरशी उंच होती, गुडघा फार कुरकुरला नाही. पदराखाली हात घातला. चंद्रव्वाचा हात सुरकुतलेला, गार आणि चलाख निघाला.

"अव्वा, हे काय चाललंय?" श्रीमंत म्हणाला.

"गप."

चंद्रव्वानं चार बोटं धरली आणि पाचवं अर्ध्यावर. साडेचार. कस्तुराबाईनं तिचा हात उलटा फिरवून दोनच बोटं धरली. म्हातारीनं इंगळी डसल्यागत हात झटकला. "अय्यय्यो! पोराला माज्या भीक मागायला लावतीस का गं?"

"पोराच्या हाताला घड्याळ हाय, अव्वा. भीक मागताना टाइम तरी कळंल."

हमाल हसले. केराबाईनं तोंडाला पदर लावला. चंद्रव्वानं पुन्हा हात दिला. चार बोटं, टोक न चिमटता, नुसती चार. कस्तुराबाईनं दोन दाबून तिसऱ्याचं पेर धरलं. म्हातारीनं तिच्या मनगटावर चापट मारली आणि साडेतीन केले. मग दोघीही थांबल्या. चंद्रव्वानं पान थुंकलं, आभाळाकडं पाहिलं. कस्तुराबाईनं तोंड अगदी कोरं ठेवलं. तिला तीन पाहिजे होते. तीनाला दगड एकशेवीसात येतो, वर मिस्तरीचे शंभर, बरोब्बर दोनशे वीस. ह्या तीनच्या वर एक चिमटासुद्धा तिच्याजवळ नव्हता, आणि ते बोटांतून कळू द्यायचं नव्हतं. तिनं हात सैल सोडला. बाप म्हणायचा, घाई असंल तवा हात झोपल्यावानी ठेवावा.

म्हातारी तिच्या कानाशी वाकली. "त्यो मिस्तरी रुपया खातो, व्हय न्हवं?"

"व्हय."

"धा वरीस झालं, ह्यांचे रुपये भरून मी पिकली. पोराला म्हनते, गिऱ्हाईक आपनहून येऊ दे, त्यो ऐकत न्हाय." आणि पदराखाली तिनं तीन बोटं घट्ट धरली. चौथ्याला शिवलीसुद्धा नाही.

कस्तुराबाईनं वरून आपला दुसरा हात ठेवला. म्हणजे पक्कं.

"झालं," चंद्रव्वा म्हणाली. "चिरलेला देऊ नका. हिनं ठोकून काढलेले तेवढेच गाडीत भरा. गाडी आपली."

"कितीला झालं?" श्रीमंतानं विचारलं.

"झालं म्हनलं की."

"अगं पण अव्वा, मी मालक आहे!"

"मग मालकावानी गाडी भर. पैसं माज्याकडं येत्यात."

मिस्तरी कस्तुराबाईच्या मागं लागला. "वैनी, कितीला ठरलं?"

"ठरलं."

"अवं पर आकडा?"

"आकडा पदराखाली ऱ्हायला, मिस्तरी. वर येत न्हाय."

मिस्तरीनं श्रीमंताकडं पाहिलं. श्रीमंतानं खांदे उडवले. ज्याला भावच माहीत नाही त्याच्याकडं फुटामागचा रुपया कसा मागायचा? ज्ञानबानं पंचवीस वर्षांच्या धंद्यात असली गोची पाहिली नव्हती. त्यानं कानावरची पेन्सिल काढून खिशात टाकली. "मग ओटाबी बोटांनीच बांदा आता," म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

घरी येताना भिमानं तीनदा विचारलं. "मला तरी सांग की."

"तुमाला सांगितलं तर पाळीवरच्या समद्यांना कळंल."

"न्हाय कळत."

"तुमच्या मिशीवरनं कळतं," ती म्हणाली. आणि खरंच, भिमाला आजतागायत तो आकडा कळलेला नाही. कागदावर बेरजा-वजाबाक्या करून बघितल्या त्यानं.

दगड आला, भिंतीला टेकून उभा राहिला, आणि तसाच राहिला. दुसरा मिस्तरी मिळेना. ज्ञानबानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ती बाई बोटं मोडती. आठवडा गेला. नवव्या दिवशी सकाळी कस्तुराबाईला उठताच येईना, आणि तिला जाग आली ती परातीवरच्या थापांच्या आवाजानं. महादेवी फुलीवर बसली होती. भाकरी बरी थापत होती, तेच वाईट. शाळेचं दप्तर खुंटीला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पोरगी गाणं म्हणत थापत होती.

चौथ्या दिवशी कस्तुराबाई काठी घेऊन गवंड्यांच्या अड्ड्यावर गेली. ज्ञानबा बिनकामाचा, कट्ट्यावर पाय हलवत बसलेला.

"काम न्हाय वाटतं," ती म्हणाली.

"हाय की लई. निवडतोय."

"निवडा. मी निवडायलाच आलीया. काय घ्याल?"

"तुमचं? एकशेचाळीस. दगडाचं नाव काडायचं न्हाय."

"शंभर बोलला हुता."

"तवा माजा रुपया हुता."

"आता अकरा घरं हाईत," कस्तुराबाई म्हणाली. "केराबाई हाय, तिची जाऊ हाय, आमच्या रांगेतल्या समद्या हाईत. दगड समद्यांना चंद्रव्वाच दील, माज्या शब्दावर. बांदनारा एकच पायजे. माजा शंभरात बांदा, आवडला तर अकरा तुमचे. न आवडला तर मी एकटी भोगीन. चोरून रुपया खान्यापरीस उजळ माथ्यानं अकरा ओटे बांदा की. कोन नको म्हनतंय?"

ज्ञानबा पाय हलवायचा थांबला. बराच वेळ त्यानं तंबाखू मळली. "अकरा? सोनाबाईपन?"

"सोनाबाईपन."

"ती लई किरकिर करती."

"म्हनून तिचं धा रुपय जास्त घ्या. मी सांगते तिला."

मिस्तरीला हसू फुटलं. त्याच दुपारी तो सूत आणि ओळंबा घेऊन दारात हजर. आल्या आल्या म्हणाला, "मालक कुटं हाईत? उभं करा त्यास्नी. माप घ्यायचंय." ओट्याची उंची घरमालकाच्या कमरेला लावायची, ही सगळ्या मिस्तऱ्यांची रीत. भिमा फोटोला उभा राहावा तसा छाती काढून उभा राहिला. सूत त्याच्या करदोड्याला लागलं. चौतीस इंच.

"थांबा," कस्तुराबाई म्हणाली. "ह्यो मानूस कदी भाकरी थापनार हाय?"

"न्हाय, पर रीत..."

"तुमची रीत गेली वखारीत. ईटा आना."

तिनं विटांच्या दोन थप्प्या लावायला सांगितल्या, वर फळी, फळीवर परात. पीठ मळलं आणि उभ्यानं थापायला घेतलं. चौतीस इंचावर खांदे कानाला लागले, हाताला जोर येईना. ज्वारीच्या भाकरीवर वरून अंगाचा भार पडावा लागतो, नाहीतर ती कडेला फाटते. पहिली फाटली. "एक ईट काडा." दुसरी जरा बरी. "अजून एक." मिस्तरी विटा काढतोय, भिमा फळी धरतोय, दारात केराबाई आणि चार-पाच जणी, आणि प्रत्येक भाकरीला बाहेरून सल्ला. चौथी भाकरी गरागरा फिरली, चंद्रासारखी गोल आली. कस्तुराबाई हसली. "हितं. हितं सूत लावा."

सत्तावीस इंच.

ज्ञानबा त्या सुताकडं बघतच राहिला. "म्हंजी पंचवीस वरसं मी..." तो म्हणाला. त्यानं ती चौथी भाकरी शेंगाची चटणी लावून खाल्ली, उभ्यानंच, आणि कामाला लागला.

पाचव्या दिवशी ओटा झाला. सहाव्या दिवशी महादेवी शाळेत गेली, तीही रडत, कारण तिला थापायची गोडी लागली होती. कस्तुराबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घालून तिला पिटाळली आणि उभ्यानं पन्नास भाकरी थापल्या. मग ओटेच ओटे झाले. मिस्तरी आता घरात शिरल्या शिरल्या म्हणायचा, "बाई कुटं हाय? पीठ मळा." कुणाचा ओटा सव्वीस, कुणाचा एकोणतीस. सोनाबाईनं सात भाकरी थापून चार वेळा उंची बदलली. कस्तुराबाईचा धरून बारा ओटे व्हायचे होते, त्यातला केराबाईचा तेवढा राहिला होता.

आणि मग ओव्हरसीयर आला. हातात फाइल, बगलेत छत्री. बऱ्यापैकी जाड माणूस. दारात उभा राहून त्यानं कागद वाचला. मूळ नकाशात नसलेलं विनापरवाना बांधकाम. आठ दिवसांत पाडून जमीन पूर्ववत करावी, अन्यथा घर खाली करावं.

रांगेतल्या बायका गोळा झाल्या. कस्तुराबाईनं हात पुसले. "सायेब, नकाशा हाय तुमच्याकडं?"

"आहे की."

"दावा चूल कुटं हाय."

त्यानं फाइलीतून नकाशा काढून फुली दाखवली. ती त्याला शेजारी केराबाईकडं घेऊन गेली. तिथं फुलीची जागा अजून तशीच होती. खाली स्टोव्ह, पाट, परात.

"बसा."

"मी? कशाला?"

"नकाशापरमानं काम चाललंय का बघायला आलाव न्हवं? मग बसून बघा. एक भाकरी थापा. एकच."

ओव्हरसीयर हसला. माणूस वाईट नव्हता. बायका हसताहेत बघून त्याला चेव आला असावा, त्यानं छत्री भिंतीला टेकवली आणि पाटावर बसला. पिठाचा गोळा दाबला. भाकरीचे तीन तुकडे झाले. पुन्हा केली, पाच झाले. घाम कपाळावरून परातीत पडला. "जमत नाही बुवा," म्हणून तो उठायला गेला आणि तिथंच अडकला. एक हात जमिनीवर, एक हवेत, तोंडातून 'आई गं'. बाहेर नुसता हसण्याचा कल्लोळ. शेवटी केराबाईकडं मापाला आलेल्या ज्ञानबा मिस्तरीनं बगलेत हात घालून त्याला वर काढला.

गुडघा चोळत ओव्हरसीयर म्हणाला, "बाई, मला पटतंय हो सगळं. पण मी काय करू? वरून हुकूम आहे."

"वर कोन हाय?"

"वर म्हणजे... ऑफिस."

"ऑफिसला हात-पाय असतील, नाव असंल. त्येचं नाव ह्या कागदाच्या पाठीमागं लिवा," कस्तुराबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "ओटा पाडायचा झाला तर पाडायला त्यानं सोता यावं. त्याच्या घरचा सैपाक उभ्यानं हुतो का बसून, त्ये आदी सांगावं. अकरा घरांनी आपल्या पैशानं केलं, बारावं करतंय, म्या तर मेंढरं ईकून केलं. ऱ्हायलेल्या एकशेआठ घरांत तुमी ओटे कवा बांदून देनार, सायेब? तारीख सांगा. 'बघू' नको, 'वर कळवतो' नको. तारीख. बोला, मी हितं उभी हाय."